गुरुवारी टाकलेला ड्रायव्हर

कॉम्प्युटर मला कळतो, अशी आमच्या घरात एक समजूत आहे. ती मीच पसरवली. शतक बदलताना परदेशी बँकांच्या जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करून मी नोकरीत नाव काढलं होतं. लॅपटॉपवर चित्र कसं उमटतं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पण बायकोला पहिलंच काम मिळायची वेळ आली होती. इंटिरियरचा कोर्स तिने चाळिशीत केला, आणि कोथरूडच्या एक बाई आपलं स्वयंपाकघर तिच्याकडून करून घ्यायचं की नाही, हे अकरा वाजता आमच्याकडे येऊन ठरवणार होत्या. ते स्वयंपाकघर तिने लॅपटॉपवर उभं केलं होतं, आत फिरता येईल असं. पडद्यावर कायमचं चित्रही त्याचंच लावलेलं. फक्त फिरताना सगळं अडखळायचं. फ्रिजपासून ओट्यापर्यंत पोचेस्तोवर चहा झाला असता.

पडद्यावर चित्र हलवणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, जुना आहे, असं मी जाहीर केलं. कंपनीने नवा काढलाच नव्हता, पण इंटरनेटवर कुणा हौशी मंडळींनी सुधारून ठेवलेला सापडला. खाली 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी तळटीप. मला स्फुरणच चढलं. आंघोळीआधीच बसलो. नक्की टाकायचा का, असं लॅपटॉप पुन्हा पुन्हा विचारत होता. लग्नातही मला इतक्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला, सुरुवातीचा सूर वाजला आणि डोक्यावरचा पंखा थांबला. गुरुवार. दुरुस्तीसाठी त्या दिवशी वीज जाते, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. मी नेमका तोच मुहूर्त धरला होता. लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि पडदा काळाठिक्कर. आत घरघर, वर अमावस्या.

"उडवलंत ना सगळं?" बायकोने शांतपणे विचारलं. तिचा शांतपणा मला सोसत नाही.

आम्ही बसलो होतो त्या मधल्या खोलीला खिडकी नाही. मला आंघोळीला पिटाळायला आई टॉर्च घेऊन आली, झोत पडद्यावर पडला आणि त्या काळोखात पुसटसा ओटा दिसला. मी टॉर्च हिसकावलाच. सिंक! वरची कपाटं! चित्र शाबूत होतं. वीज जाताच नव्या ड्रायव्हरने पडद्यामागचा उजेड तेवढा शून्यावर नेला होता. मी टॉर्च फिरवून फिरवून बायकोला तिचंच स्वयंपाकघर दाखवू लागलो. तिने मधेच हात घालून उजेड वाढवायचं बटण दाबलं.

पडदा लख्ख झाला. तिने आत फिरायला सुरुवात केली आणि फ्रिजपासून ओट्यापर्यंत आम्ही अक्षरशः घसरत गेलो. आईने परत परत फिरवायला लावलं, वर सिलिंडर कुठे ठेवणार तेही विचारलं.

बाई आल्या त्या बंद लिफ्टला नावं ठेवतच. ओटा त्यांना उंच वाटला, रंग फिका वाटला. मग पडद्यावरून नजर न काढता त्या बायकोला म्हणाल्या, "मापं घ्यायला कधी येताय?"

मला राहवेना. वरून कसं दिसतं तेही दाखवतो, म्हणत मी पुढे सरसावलो.

"अहो," बायको माझा हात बाजूला करत म्हणाली, "आंघोळ करून घ्या आता."