हीटर फुल्ल, काचा बंद

सौदीतल्या जुबैलच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वसाहतीत, फकरुद्दीन मुकादम सव्वीस वर्षं काम करतो आहे. पैकी तेवीस वर्षं तो इंजिनवाला होता आणि तीन वर्षं टायरवाला. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. सनाइयात मात्र इंजिनवाल्याला टायरवर बसवणं म्हणजे मामलेदाराला कचेरीच्या दारात चपला राखायला बसवण्यासारखं आहे. पगार तोच राहतो. फक्त कोणी सल्ला विचारत नाही.

तो मूळचा हर्णै बंदराचा. वडिलांच्या होडीचं इंजिन त्याने चौदाव्या वर्षी खोलून पुन्हा जोडलं, आणि एक नट उरला. इंजिन चालू झालं होतं, वडील खूश होते. तरी हा नट कुठला, हे कळेपर्यंत त्याने ते पुन्हा सगळं खोललं. त्याचा स्वभाव एवढ्यावरून कळावा. तो उरलेली गोष्ट सोडत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे हर्षवर्धन गोगटेची गाडी आली. हर्षवर्धन पुण्याचा, रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर. गाडी वीस वर्षं जुनी, जर्मन. 'आता अशी इंजिनं बनत नाहीत,' असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं, कारण बनवणाऱ्यांनाही अनुभव आला होता. फकरुद्दीनने रेडिएटर बदलला. रेडिएटर बदलला की पाण्याच्या वाटेत हवा अडकते आणि ती काढावी लागते. एक बुडबुडा नळीत ठाण मांडून बसला की पाणी फिरत नाही, इंजिन आतून भाजतं, आणि तापमानाच्या काट्याला ही बातमी सगळ्यात शेवटी कळते. फकरुद्दीनने अर्धा दिवस घालवून हवा काढली.

"साहेब, आता कशाला हात लावू नका. काय वाटलं तर इकडं या."

"अरे फकरू, मी रोज लाखो लिटर पाणी फिरवतो," हर्षवर्धन म्हणाला.

पंधरा दिवसांनी रियाधच्या रस्त्यावर त्याचं सहा लिटर पाणी फिरायचं थांबलं. इंजिनचं हेड गेलं. गाडी उचलायला ट्रक यायच्या आतच त्याने आमच्या, जुबैलकर मराठी मंडळींच्या, ग्रुपवर लिहिलं: 'सनाइयातल्या फकरुद्दीनकडे गाडी नेऊ नका. त्याला साधी हवा काढता येत नाही. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.'

आम्ही सगळेच सुज्ञ. कोणी काही विचारलं नाही. महिन्याभरात त्याच्याकडे एकही मराठी गाडी उरली नाही, आणि गॅरेजच्या सौदी मालकाने, आवाज न चढवता, त्याला टायरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

बायको शरफुन्निसा हर्णैला असते. दर शुक्रवारी फोनवर ती सांगायची, "तुमी त्या मानसाचा नाव सोडा आता. अल्ला बघून घेल."

"अल्लाला वेळ लागंल. मी इथंच आहे."

त्याचा बेत ठरलेला होता. ती गाडी एक ना एक दिवस परत येणार. तशा गाड्या येतातच. तेव्हा एक बुडबुडा आत ठेवायचा. लिंबाएवढा. पुढचं काम रियाधचा रस्ता करेल. हा बेत त्याने तीन वर्षं रोज टायर फुगवताना घासूनपुसून ठेवला होता.

गेल्या जुलैत एका गुरुवारी गाडी आली. दर उन्हाळ्यात ती तापायचीच. दोन गॅरेजं करून झाली होती. रविवारी सकाळी हर्षवर्धनला मुलीच्या, ज्ञानदाच्या, कागदपत्रांसाठी रियाधला दूतावासात हजर राहायचं होतं आणि घरच्यांनी या गाडीत बसायला नकार दिला होता. फकरुद्दीन कधीच देशी गेला असेल असं समजून तो थेट फोरमन अदनानकडे गेला. अदनान कराचीचा, माणूस सरळ. त्याने सकाळभर हवा काढली. हवा निघत राहिली, संपेना.

शेवटी अदनानने हात पुसले. "इंजिनिअर साब, ये बुलबुला एक ही आदमी निकालेगा. वो बैठा है, टायर के पास."

हर्षवर्धनने वळून पाहिलं. फकरुद्दीन टायरवर साबणाचं पाणी सोडून पंक्चर शोधत होता. त्याने मान वर केली नाही.

"फकरुद्दीनभाई, कसे आहात?"

भाई. 'अरे फकरू'चं भाई व्हायला तीन वर्षं आणि दोन गॅरेजं लागली होती.

"टायर बदलायचाय?"

"नाही हो, जरा बघता का?"

फकरुद्दीनने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या कोणीतरी तोडून एकमेकींना जोडल्या होत्या. गरम मुलखात हे पुष्कळ लोक करतात. हीटर गळायला लागला की तो वगळून टाकतात. अदनानलाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. पण इथे जोडलेल्या नळीची कमान रेडिएटरच्याही वर गेली होती. हवा वर जाते. ती तिथे सुखाने राहत होती. आणि ती कमान आवळणाऱ्या पट्ट्या सनाइयातल्या नव्हत्या. खाऱ्या पाण्यालाही न गंजणाऱ्या, चकचकीत, प्लान्टवरच्या पट्ट्या होत्या.

"हे कोणी केलं?"

"ते होय? मीच. तुम्ही रेडिएटर बदललात ना, त्यानंतर आठवड्याने पायाशी थेंब थेंब गळायला लागलं. म्हटलं, सौदीत हीटर कशाला हवा? पाणीही मीच भरलं. एकदम शुद्ध, लॅबचं."

"रियाधला जायच्या आधी?"

हर्षवर्धनने मनात दिवस मोजले. हुशार माणूस, एकदा रेघ दाखवली की आलेख पूर्ण करायचा. "म्हणजे… तसं अगदी म्हणता येणार नाही…"

 फकरुद्दीनचा तीन वर्षांचा बेत त्याच क्षणी नासला. नाव धुऊन काढणारा पुरावा हाती आला होता. आता लिंबाएवढा बुडबुडा ठेवला, तर गाडी पुन्हा रस्त्यात बसणार आणि ग्रुपवर दुसरा मेसेज येणार. या माणसाचा सूड घ्यायचा, तर याची गाडी ठणठणीत चालायला हवी होती. असा जाच कोणत्याही शत्रूच्या वाट्याला येऊ नये.

त्याने हीटर पुन्हा जोडला. गळका सांधा कापून नवा बसवला. मग गाडीचं नाक उंच व्हावं म्हणून ती लोखंडी उतरणीवर चढवली. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन कामगारांना उन्हात राबवायला सरकारची बंदी आहे, आणि फकरुद्दीन कायदा पाळणारा माणूस. त्याने गाडी अशी लावली, की बॉनेट पत्र्याच्या सावलीत आणि ड्रायव्हरची सीट उन्हात. गिऱ्हाइकाला उन्हात बसवू नये, असं कायद्यात नाही.

"बसा आत. इंजिन चालू. हीटर फुल्ल."

"हीटर? बाहेर सेहेचाळीस आहे!"

"हीटरात पाणी फिरल्याशिवाय त्यातली हवा कशी निघंल? थंड झोत आला तर हवा आत आहे. गरम आला तर सुटली. तेवढं सांगायचं."

"बरं. काचा उघड्या ठेवतो."

"काचा बंद. बाहेरची हवा शिरली तर तुम्हाला फरक कळायचा नाय."

हीटरचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. काचांविषयी मी नंतर दोन मेकॅनिकांना विचारलं. दोघांनीही असं काही ऐकलं नव्हतं.

फकरुद्दीनने हवा सोडायचा स्क्रू सैल केला. फसफसून फेस आला. तो डब्यातून पाणी ओतत होता, नळी दाबत होता, थांबत होता. घाई अजिबात नव्हती. दर पाच मिनिटांनी आतून काचेवर टकटक व्हायची.

"गरम!"

"थोडं गरम की चांगलं गरम?"

"चांगलं!"

"बघा हं, नीट बघून सांगा. तुमचं शिक्षण आहे त्यातलं."

टायरवाले, डेंटिंगवाले, शेजारचा बॅटरीवाला, सगळे सावलीत येऊन उभे राहिले होते. अदनानने एकदा दार उघडून पाण्याची बाटली आत दिली आणि दार पुन्हा नीट लावलं. पंचविसाव्या मिनिटाला हर्षवर्धन बाहेर आला तेव्हा तो धुतलेल्या शर्टासारखा निथळत होता.

"झालं? गेली सगळी हवा?"

स्क्रूमधून आता पाण्याची अखंड, बारीक धार येत होती. समजणाऱ्याला समजलं असतं. हर्षवर्धनला समजत नव्हतं, आणि फकरुद्दीनला ते माहीत होतं.

"ते मी सांगेन. आधी तुम्ही सांगा. ग्रुपवर."

"काय?"

"नळी कोणी तोडली ते."

हर्षवर्धनने चौकोनी सावलीतल्या आठ-दहा चेहऱ्यांकडे पाहिलं, स्क्रूकडे पाहिलं, रविवारचा विचार केला आणि फोन काढला. लिहून त्याने स्क्रीन पुढे केला. हा काय वाचणार, अशी त्याची अटकळ असावी. फकरुद्दीन हर्णैच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत पहिल्या नंबरात होता.

"'बहुधा' काढा."

"अहो, तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के…"

"'बहुधा' काढा. आणि 'आमच्या दोघांत गैरसमज झाला' पण काढा. गैरसमज दोघांचा नव्हता."

दोन्ही निघालं. उरलं ते असं: 'तीन वर्षांपूर्वी हीटरची नळी मी स्वतः तोडली, पाणी मी भरलं, हवा माझ्यामुळे राहिली. फकरुद्दीन मुकादम यांची चूक नव्हती, तरी मी त्यांचं नाव घेतलं.' मेसेज गेला. फकरुद्दीनने स्क्रू आवळला.

"खलास."

"झालं आता समाधान?" हर्षवर्धनने विचारलं. त्यात थोडा राग होता, थोडी आशा.

"नाय," फकरुद्दीन म्हणाला आणि हात धुवायला गेला.

गाडी रविवारी रियाधला जाऊन आली. काटा मधोमध राहिला, हलला नाही. शरफुन्निसाला ही हकीकत फोनवर दोनदा सांगावी लागली, दुसऱ्यांदा काचांसकट. आठवड्याने मालकाने फकरुद्दीनला पुन्हा इंजिनावर घेतलं, तसाच आवाज न चढवता. आणि आम्ही सुज्ञ मंडळी एकेक करून परत जाऊ लागलो. तो सगळ्यांशी नीट वागतो. चहा मागवतो. कामात खोट नाही.

परवा आमच्यातला दौलत ब्रेक पॅड बदलायला गेला होता. त्यालाही पंचवीस मिनिटं हीटर फुल्ल, काचा बंद.

"फकरुद्दीनभाई, ब्रेकचा आणि हीटरचा काय संबंध?" दौलतने काच जराशी खाली करून विचारलं.

"विचारायची सवय चांगली आहे," तो म्हणाला. "आधीपासून लावायची होतीत. काच वर घ्या."

दौलतने काच वर घेतली. ब्रेक उत्तम लागतात.