नळ किती उंचीवर बसवायचा

आमच्या गुरुजींनी आम्हाला शाळाभर पेरू वाटायला लावले, पण फळ्यावरच्या गणितात. एकही तोंडात पडला नाही. माझी धाकटी बहीण शिक्षिका झाली ती बहुधा त्याच रागातून. तिच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप, म्हणून सगळे तिला टेपबाई म्हणत. मला चपला घ्यायला निघाली तर आधी पाय मोजले. माझा डावा पाय उजव्याहून मोठा आहे, हे इतक्या वर्षांत बायकोनेही सांगितलं नव्हतं.

तिच्या वर्गात सगळ्यात बुटकी मुलगी म्हणजे चिमणी. शाळेचा पाण्याचा नळ उंच. चिमणीला कुणीतरी उचलून धरावं लागे, आणि उचलणारे आधी पोटभर हसून घेत. शेवटी तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं.

नळ नवा बसवायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "उंची तुम्हीच सांगा. प्लंबर दुपारी येतोय, भिंत एकदाच फोडायची."

टेपबाईंनी काम वर्गावर सोपवलं. नळ हनुवटीच्या उंचीवर असला की ओंजळ नीट धरता येते, म्हणून मुलांनी एकमेकांच्या हनुवट्या मोजल्या, बेरीज केली, भागाकार केला, सरासरी काढली. बाकी शून्य. वर्गात कोण आनंद! भिंतीवर खडूने रेघ मारली.

"बाई, चुकलंय," चिमणी म्हणाली.

बाईंनी पुन्हा तपासलं. "बरोबर आहे गं."

"असेल. पण रेघ माझ्या कपाळावर येतेय. कपाळाने पाणी पिऊ का?"

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, भागाकार बरोबर आलाय ना? मग झालं तर!"

दारात प्लंबर पाना घेऊन उभा. "उंची सांगा हो, मला पुढे जायचंय."

बहिणीने वर्गाला विचारलं, "या रेघेवर नळ बसला तर कुणाला काय करावं लागेल?"

"मला वाकावं लागेल," मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला. "आणि हिला उचलावं लागेल." मग म्हणाला, "वाकायला मला दुसरं कुणी लागत नाही, बाई. सरासरी सोडा. सगळ्यात बुटक्याचं माप घ्या."

"बुटकं कुणाला म्हणतोस रे?" चिमणी म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मुख्याध्यापकांनी नवी रेघ पाहिली. "मला फारच वाकावं लागेल."

"व्यायाम होईल, सर," बहीण म्हणाली. हसली नाही.

नळ सुरू झाल्यावर पहिला मान चिमणीचा. टाचा जमिनीवर ठेवून ती प्यायली. इतकी प्यायली की मागे रांग लागली.

"अगं ए, टाकी संपवतेस का?" लंबू ओरडला.

तिने बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ धरली.