आत्याबाईंच्या चपला आणि ह्यांची बढती

माझे यजमान नौदलात ॲडमिरल झाले, ही बातमी त्यांच्या आईला आणि गावाला सोडून सगळ्यांना माहीत होती. यात देशाचं काही गुपित वगैरे नव्हतं. कारण होतं फक्त हळद.

हे कवठे येमाईचे. वाडवडील मेंढरं घेऊन हिंडणारे, सासऱ्यांच्या काळात शेतीत स्थिरावलेले. हे नौदलात गेले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बिरोबाला नवस बोलून बसल्या: पोरगा मोठा साहेब झाला की वर्दीत तुझ्यापुढं उभा करीन आणि त्याच्यावर भंडारा उधळीन. आता नौदलाची वर्दी पांढरीशुभ्र, आणि आमच्याकडचा भंडारा म्हणजे चिमूटभर हळद नव्हे. चांगभलं म्हणत चहूबाजूंनी मुठी सुटतात आणि माणूस पापण्यांपर्यंत पिवळा होतो. ह्यांचा सगळा जीव त्या वर्दीत. पँटला एक सुरकुती दिसली तरी घरात सुतक.

त्यामुळे हे लेफ्टनंट कमांडर झाले आणि आईनं विचारलं, झालास का मोठा साहेब, तर म्हणाले, अजून न्हाई. कमांडर झाले, तरी अजून न्हाई. कॅप्टन झाले तेव्हा तर शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी आयती मदत केली. फौजेत कॅप्टन म्हणजे कालची पोरं, असं त्यांनी आत्याबाईंना नीट समजावलं. नौदलातला कॅप्टन कर्नलच्या तोडीचा असतो, हे सांगायला ह्यांनी तोंड उघडलं नाही.

परिणाम असा, की गावाला ह्यांची कीव यायला लागली. आत्याबाईंचा भाचा दौंडला पोलिसात फौजदार झाला, चुलतपुतण्या रांजणगावच्या कंपनीत बघता बघता सुपरवायझर झाला, आणि आमच्या साहेबांची गाडी काही हलेना. वरच्या लोकांशी जरा गोडीनं राहत जा, असा सल्ला तो सुपरवायझर ह्यांना जेवताना द्यायचा. शेकडो खलाशांना दरडावणारे हे, भाकरी मोडत मान डोलवायचे.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. जिथं बदली होईल तिथून मी आत्याबाईंसाठी चपला आणायची. त्या हातात घेऊन बघायच्या, छान हायेत म्हणायच्या आणि पेटीत टाकायच्या. स्वतः मात्र रानात, बाजारात, लग्नकार्यात सगळीकडे अनवाणी. माझी निवड पसंत नाही असं धरून मी बरीच वर्षं फुगून होते.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा हे रिअर ॲडमिरल झाले. मोटारीवर झेंडा आला, दारात पहारा आला. गावी जाऊन मात्र पुन्हा तेच, अजून न्हाई. ती सुट्टी संपवून आम्ही परत निघालो तेव्हा आत्याबाई दौंड स्टेशनपर्यंत पोचवायला आल्या. मे महिन्याची दुपार, गाडीचा पत्ता नाही. त्या एकदा हा पाय उचलत होत्या, एकदा तो. मग हळूच माझ्या सावलीत येऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या चपला काढून त्यांच्यापुढं सरकवल्या. त्यांनी अंगठ्यानं त्या परत ढकलल्या.

"ह्याची बढती हुईस्तवर न्हाई घालायच्या. देवाला बोललीया मी."

कधीपासून, असं मी विचारलं.

"कॅप्टनावर अडाकला न्हवं का, तवापासनं."

ह्यांनीही ते ऐकलं आणि रुळांकडे बघायला लागले. गाडी सुटल्यावर मी ह्यांना जे काही बोलले, ते आजवर कुणी ॲडमिरलला बोललं नसेल. सोलापूरला ह्यांनी खाली उतरून मला चहा आणून दिला. मग म्हणाले, जत्रेला येताना वर्दी बरोबर घे.

जत्रेत हे देवळापुढं उभे राहिले. सुभेदारांनी खांद्यावरची निशाणी बघितली आणि खाडकन सलाम ठोकला. मग मुठी सुटल्या. टोपी, पदकं, बूट, कानांची भोकंसुद्धा पिवळी झाली. सगळ्यात जोर त्या सुपरवायझरच्या हाताला होता. घरी आल्यावर मी शहाणपणानं वर्दी साबणात बुडवली, तर हळदीचं लालभडक कुंकू झालं. ह्यांचा चेहरा बघवेना. आत्याबाई मात्र खूश. म्हणाल्या, चला, हळद आन् कुंकू दोन्ही झालं.

मग त्यांनी पेटीतल्या चपला काढल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि सहज विचारावं तसं ह्यांना विचारलं, "आन् आता ह्याच्या वर कोण आसतं?"

वर आणखी दोन पदं होती. त्यातल्या पहिल्यासाठी ह्यांचं नाव बोललं जात होतं, आणि ह्यांना त्याची किती आस होती हे मला ठाऊक होतं. आत्याबाईंचा हात चपलेपाशी थांबला होता.

"कुणी न्हाई, आये. हीच शेवटची बढती."

त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि अंगणात दोन चकरा मारल्या. चावतात म्हणाल्या, पण काढल्या नाहीत.

काही वर्षांनी हे व्हाइस ॲडमिरल झाले. दिवसभर फोन खणखणत होता, आम्ही सगळ्या ओळखीपाळखीत पेढे वाटले. कवठ्याला एकही धाडला नाही. सुपरवायझरला दम भरला, सुभेदारांना शपथ घातली. संध्याकाळी गावाहून आत्याबाईंचा फोन आला, काय नवीन म्हणून. ह्यांच्या अंगावर अजून वर्दी होती, खांद्यावर त्याच दिवशी चढलेली नवी निशाणी.

"काय न्हाई, आये," हे म्हणाले. "हाय तिथंच हाय."