नातू आला आणि टीव्ही बंद झाला

बायको गेल्यावर मी टीव्ही बंद करणंच सोडून दिलं होतं. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी तो लागायचा, ते रात्री मी झोपेपर्यंत चालायचा. मी काही पाहत होतो असं नाही. बातम्या, भजनं, साड्यांच्या जाहिराती, कुठल्यातरी मालिकेतल्या सासूचं रडणं, काहीही चालायचं. एसटीत कंडक्टर होतो मी. सगळी नोकरी माणसांच्या गलक्यात गेली. 'पुढं सरका', 'सुटे द्या' म्हणत ज्याचा जन्म गेला त्याला वर्ध्याजवळच्या देवळी गावातल्या दोन खोल्यांत स्वतःच्याच चपलेचा आवाज ऐकू यायला लागला, की कसंतरी होतं. टीव्ही लागला की घरात कुणी आहेसं वाटायचं. एवढंच.

मुलगी एकुलती एक, लग्न होऊन पुण्याला. तिला दिवस गेले तेव्हा मी फोनवर म्हटलं, "बाई, इथं तुझी माय नाई आता. तिकडंच सासूबाईले बोलावून घे."

ती म्हणाली, "त्यांचे गुडघे चालत नाई, बाबा. अन् माहेर काय फक्त मायचंच असते काय?"

दिवाळी आटोपली आणि ती आली.

नातू वर्ध्याच्या दवाखान्यात झाला. हिंगणीहून माझी मेहुणी आली, तिनं बाळाची मालीश, शेक, धुरी सगळं केलं. मला अळिवाची खीर करायला शिकवली. पण तिच्या शेतात कापूस फुटून उभा होता आणि वेचायला बायका मिळत नव्हत्या. बारसं झालं तशी ती परत निघाली. तिला बसमध्ये बसवून द्यायला गेलो तेव्हा म्हणाली, "भाऊजी, पोरीसंग बोलत जा जरा. गुमसुम राह्यते पोरगी."

बोलत जा म्हणणं सोपं होतं. आम्हां बापलेकींना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. आमच्यातलं सगळं तिच्या आईच्या हातून जायचं. 'बाबाले सांग.' 'पोरीले विचार.' ती मधली गेली आणि आम्ही दोघं दोन टोकांना तसेच उभे राहिलो. मी खीर करून तिच्यापुढे ठेवायचो, ती खायची, वाटी धुवायला उठायची, मी म्हणायचो, "राहू दे, मी धुतो." दिवसभरातलं बोलणं बहुतेक तेवढंच. बाकी वेळ टीव्ही बोलायचा.

एका दुपारी ती आंघोळीला गेली होती. बाळ माझ्या मांडीवर रडत होतं. खांद्यावर घेतलं, हलवलं, अंगणात नेलं, काही होईना. थकून टीव्हीसमोर बसलो तर ते एकदम शांत झालं. वळून पाहिलं तर डोळे मोठे करून पडद्याकडे पाहत होतं. पापणीसुद्धा हलत नव्हती. बातम्यांच्या निळ्या-तांबड्या पट्ट्या त्याच्या डोळ्यांत सरकताना दिसत होत्या. मला मोठं नवल वाटलं. मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "पाह्य, कसा शांत झाला. बातम्या आवडते याले."

तिनं टीव्ही बंद केला. बाळानं पुन्हा भोकाड पसरलं.

"काऊन बंद केला?"

"बाबा, याले टीव्ही नका दाखवू. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, इतक्या लहान लेकराले नको म्हणून."

"त्याले काय समजते त्यातलं?"

"समजत नाई, म्हणूनच. उजेड सारखा बदलते, म्हणून त्याची नजर अटकून राह्यते तिथं. त्याचा आनंद नाई तो." तिनं त्याला माझ्या हातातून घेतलं. "त्यानं माणसाचं तोंड पाहावं. आपलं बोलणं ऐकावं. तेव्हा कुठं बोलाले शिकते लेकरू."

मला राग आला. आम्ही काय डॉक्टरला विचारून वाढवलं होतं हिला? पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिमोट हातात घेतला, बाजेवर झोपलेल्या त्या गाठोड्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला.

त्यानंतर घर इतकं सुनं झालं की मला बसवेना. घड्याळाची टिकटिक, नळीतून टाकीत पडणारं पाणी, रस्त्यावरून जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या. आणि घरात आम्ही दोघं, न बोलणारी. मी काहीतरी निमित्त काढून बसस्टँडवर जाऊन बसायचो. जुने ओळखीचे ड्रायव्हर निवृत्त झालेले, नवी पोरं मला ओळखत नव्हती. तरी बरं वाटायचं. 'यवतमाळ, यवतमाळ' ओरडणारा एक आवाज ऐकला की परत यायचो.

असाच परत आलो तर मुलगी बाळाला मांडीवर घेऊन रडत होती. आवाज न करता. मी दारातच थांबलो.

"काय झालं?"

"काही नाई. मी काय बोलू याच्यासंग, बाबा? दिवसभर काय बोलू? डॉक्टरीणबाई म्हणते बोला, बोला. मायले किती बोलता यायचं."

मी तिच्याजवळ बसलो. बाळाला घेतलं. गाणं मला येत नाही, गोष्ट आठवेना. जे तोंडात होतं तेच आलं, यवतमाळच्या बसचे थांबे. मी त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणायला लागलो, "चला, वर्धा. सालोड उतरा. देवळी, देवळी. भिडी कोण आहे, भिडी? कळंबवाले मांगं सरका." नातू माझ्या ओठांकडे पाहत राहिला. पडद्याकडे पाहायचा तसं नाही. भुवया वर जायच्या, तोंड उघडायचं, पाय झाडायचे. मग त्यानं 'अं' केलं. मी थांबलो, तसं त्यानं पुन्हा केलं. मुलगी ओल्या डोळ्यांनी हसली आणि म्हणाली, "मायले तुम्ही असंच सांगत असान घरी आल्यावर."

"नाई," मी म्हटलं. "घरी आल्यावर मी काहीच बोलत नव्हतो. मायच बोलायची."

त्या दिवशी आम्ही तिच्या आईबद्दल पहिल्यांदा बोललो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. फार काही नाही. ती आमटीत गूळ किती घालायची, कुणावर चिडायची, असंच. पण चूल थंड होईपर्यंत बोललो.

होळीच्या सुमारास जावई येऊन दोघांना घेऊन गेले. त्यांना गाडीत बसवून मी घरी आलो आणि टीव्ही लावला. तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो, पण पूर्वीसारखं कुणी आहेसं काही वाटेना.

मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. रोज संध्याकाळी. नातू बसायला लागला, रांगायला लागला, मी सगळं फोनवरच पाहिलं. मुलीचं काम घरूनच होतं, लॅपटॉपवर. एका संध्याकाळी तिनं फोन उभा करून ठेवला तर मागे टीव्हीवर रंगीत प्राणी नाचत होते आणि नातू उंच खुर्चीत तोंड उघडून त्यांच्याकडे पाहत होता. ती घास भरवत होती. त्याला कळतही नव्हतं की आपण जेवतो आहोत.

मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "बोलू नका, बाबा."

"मी कुठं काय म्हणतो."

"त्याशिवाय खातच नाई तो. अन् मले मीटिंग असते. दिवसभर इथं कोणी नाई. समोरच्या दाराले कुलूप, बाजूच्या दाराले कुलूप. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

डॉक्टरीणबाई खरं बोलली होती. पण तिचं ऐकायला घरात आणखी एक माणूस लागतं, आणि ते माणूस देवळीत एकटं बसून टीव्ही पाहत होतं.

मी पिशवी भरली आणि वर्ध्याहून पुण्याच्या गाडीत बसलो.

दार उघडलं तेव्हा नातू टीव्हीसमोरच होता. मुलगी त्याला कडेवर घेऊन आली. "पाह्य, कोण आलं? आबा आले." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओठ काढला आणि रडायला लागला. मी पायरीवरच चपला काढत राहिलो, बराच वेळ.

संध्याकाळ झाली. रोजच्या कॉलची वेळ. नातू रांगत सोफ्याशी गेला, तिथं पडलेल्या फोनवर हात आपटून म्हणाला, "आबा." काळ्या काचेवर. परत, "आबा." मी त्याच्या मागे हातभर अंतरावर बसलो होतो.

मुलीनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "राहू दे. त्याच्यासाठी मी त्या फोनातच राह्यतो. त्याचं काय चुकलं?"

मी तिथे होतो तेवढे दिवस जेवताना टीव्ही लावला नाही. मी खाली फरशीवर ताट घेऊन बसायचो, गॅलरीतली कबुतरं दाखवायचो. सुरुवातीला अर्धा भात फरशीवर जायचा, आरडाओरडा व्हायचा, आणि मुलगी आतल्या खोलीत कामावर असायची. मग हळूहळू तो माझ्या गुडघ्याला धरून उभा राहायला लागला. चष्मा ओढायला लागला. पण चौथ्या मजल्यावर मला करमेना. खाली उतरलं तरी ओळखीचं तोंड नाही. मुलगी म्हणाली, "राहा ना इथंच." मी म्हटलं, "दिवाळीनंतर पाहू." दोघांनाही माहीत होतं की ते उत्तर नव्हतं.

निघायच्या दिवशी तिची मीटिंग होती, तिनं टीव्ही लावून दिला. रिक्षा खाली उभी होती. मी दारातून हात हलवला. नातवानं पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. त्याचं टीव्हीवरचं चित्र छान रंगात आलं होतं.

देवळीला पोचलो त्या संध्याकाळी फोन आला. त्यानं माझा चेहरा पाहिला, हात पुढे केला, काचेला लागला. मग तो फोनच्या मागे गेला. पडद्यावर भिंत दिसायला लागली, पंखा दिसला, आणि त्याचं श्वास टाकणं ऐकू आलं.

"काय करून राह्यला गं?" मी विचारलं.

"फोनच्या मांगं पाहून राह्यला," मुलगी म्हणाली. "तुम्हाले शोधते."

तो पुन्हा समोर येईपर्यंत मी फोन तसाच धरून बसलो.