फणसाच्या चिकाने दिलेला कौल

आमच्या ग्रामदेवीने फुटबॉलच्या बाबतीत आजवर एकच कौल दिला आहे, आणि तो तिने दिलेलाच नाही. तो मी दिला. ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गावात विषय निघाला की मला हमखास खोकला यायचा. आता खोकला खरोखरच येऊ लागला आहे, तेव्हा ती सबब संपली असं समजून सांगून टाकतो.

आमचं गाव मालवण आणि आचऱ्याच्या मधलं. ओहोटीला जी घट्ट वाळू उघडी पडते, ते आमचं मैदान. होडीची वल्ही वाळूत रोवली की झाला गोल. खेळ कधी थांबवायचा हे पंचाला ठरवावं लागत नसे, ते भरती ठरवायची!

माझे वडील मुंबईला नोकरीला, म्हणून मला वाढवलं ते त्यांच्या थोरल्या भावाने, बाबलकाकांनी. काका तांडेल होते. स्वतःची होडी, हाताखाली खलाशी, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर खोल समुद्रातल्या होडीने वळून बघावं. माझ्या पायाशी पहिला बॉल त्यांनीच टाकला. (मी धावताना कसा दिसतो ते बघितल्यावर त्यांनीच मला गोलात उभं केलं.) पन्नासच्या दशकात ते आमच्या क्लबाचे कप्तान होते. बंदराबाहेर नांगरलेल्या एका मोठ्या बोटीवरच्या बूटवाल्या खलाशांना त्यांच्या अनवाणी संघाने हरवलं होतं. विजयाचा गोल काकांनी आपल्या अर्ध्या मैदानातून, समोरून वारा असताना मारला होता.

हा गोल मी लहानपणापासून रोज भाताबरोबर खाल्ला. मी वाढलो तसा त्यातला वाराही वाढला. मी मराठी शाळेत होतो तेव्हा ती झुळूक होती. मॅट्रिकला बसलो तेव्हा तुफान झालं होतं!

पुढे साठच्या दशकात आमच्या पोरांच्या संघाने तालुक्याचा कप लागोपाठ जिंकला. सत्कार झाला. गुरुजी भाषणाच्या भरात म्हणाले, "हा आपल्या क्लबाचा सुवर्णकाळ आहे!"

पहिल्या रांगेतून बाबलकाका उठले. "गुरुजी, ह्यांचो सोन्याचो, मगे आमचो काय पितळेचो होतो?"

झालं! गावाचे दोन भाग पडले. चहाच्या हॉटेलात जुन्यांचं बाकडं वेगळं, नव्यांचं वेगळं. मासळी विकणाऱ्या बायका गिऱ्हाइकाचा पक्ष बघून बांगडे निवडून देऊ लागल्या. एका ठरत आलेल्या लग्नात मुलीच्या बापाने मुलाला कमाई विचारण्याआधी काळ विचारला!

आमच्या घरात तर दोन्ही काळ एकाच पंगतीला बसायचे. काका आणि मी एकमेकांशी बोलेनासे झालो. ताटाला ताट लागलेलं, पण निरोप काकीमार्फत.

"काकी, काकांक सांग, आमचो कप कपाटात आसा. तेंचो गोल खंय आसा?"

"तोंडात!" काकी म्हणाली. "आणि खंय आसतलो?"

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी हातातला बांगड्याचा तुकडा खाली ठेवला आणि ते उठून गेले. त्या माणसाने मासळी पानात टाकल्याचं घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. काकी माझ्याकडे बघत राहिली. खरं तर मी तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काका हॉटेलात मधोमध उभे राहून म्हणाले, "भांडान काय जावचा नाय. देवीक इचारूया. ती सांगात ता खरा. ती आमका नाय म्हणाली, तर ह्या गोलाचा नाव माझ्या तोंडातसून परत येवचा नाय."

आमच्याकडे शेताच्या बांधापासून सोयरिकीपर्यंत सगळं देवीला विचारतात. गुरव तिच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि कुठली बाजू आधी पडते ते बघतो. ठरलं असं की उजवी पडली तर जुना काळ सोन्याचा, डावी पडली तर नवा.

आमचं घर देवळाला लागून. गुरवाची कंबर धरलेली, म्हणून पाषाण धुवायला त्याने मला सांगितलं. (विश्वासू माणूस म्हणून!) वैशाखाचे दिवस होते. परसातल्या फणसातून चीक गळत होता. फणसाचा चीक बोटाला लागला तर माणूस अर्धा दिवस हात धूत बसतो, तिथे बिचाऱ्या कळीची काय कथा! दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी पाषाण धुतला आणि कळ्या लावायच्या जागी, उजव्या बाजूला, चिकाचे बारीक बारीक ठिपके लावले. उजवी पडणारच नाही. मग डावी पडेल आणि आम्ही सोन्याचे!

तिसऱ्या प्रहरी देऊळ भरलं. गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"गे बाय माऊले! तुझी लेकरां बॉलावरसून भांडतत गे!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"जुन्यांचो काळ सोन्याचो आसात तर उजवो दी! नव्यांचो आसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

गुरवाचे हात खाली यायच्या आत टपटप कळ्या पडल्या. चीक न लावलेल्या बाजूच्या. मी उडी मारली. "डावो! डावो दिल्यान!"

गुरव गर्रकन वळला. "डावो तुझो, मेल्या! देवी आपल्याकडे त्वांड करून बसली आसा. तिचो ह्यो उजवो!"

आयुष्यभर कौल बघितले, पण मागच्या खांबाला टेकून. देवीची उजवी बाजू म्हणजे माझी डावी, हे शहाणपण मला भर देवळात, सगळ्या गावासमक्ष आलं!

काकांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. जुन्यांनी ढोल वाजवला. पण खरी पंचाईत पुढेच होती. दुसऱ्या बाजूच्या कळ्या पडेनात! संध्याकाळची आरती झाली, पडेनात. सकाळी गुरवाने तांब्यावर तांबे ओतले, पडेनात. त्याचा चेहरा पांढरा पडला. "असो कौल माझ्या आजयानय बघूक नाय हा," तो कुजबुजत म्हणाला. "माऊली नव्या पोरांक नायच म्हणता!" आचऱ्याहून बायका ओट्या घेऊन आल्या. कणकवलीहून एसटीने माणसं आली. त्या वाळलेल्या कळ्यांपुढे लोक नाक घासत होते, आणि मी खांबाआड उभा राहून घामाने निथळत होतो.

शेवटी मी खोबरेल घेऊन गेलो आणि पाषाणाला तेल लावतो असं सांगून चीक सोडवला. लोक म्हणाले, "बघा, हरलेल्या पोराक पश्चात्ताप झालो!" झाला होताच. फक्त त्यांना वाटला तो नव्हे.

इथे तरी सगळं थांबावं की नाही? काका म्हणाले, "देवीन शब्द दिल्यान, तो आमी राखूक होयो. नव्यांशी सामनो खेळतलंय!"

"ह्या वयात बॉलापाटी धावतल्यात?" काकी कडाडली. "कमर धरून बसल्यात काय तेल माका चोळूचा लागतला!"

"देवी पाठीशी आसा गो!"

देवी नव्हती. परसातला फणस होता. हे माहीत असलेला मी एकटा, आणि मी तोंड उघडलं नाही.

ओहोटीला सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. जुन्यांचा संघ बघून पोरं खो खो हसली. एकाचं पोट त्याच्या आधी बॉलपाशी पोचत होतं. एकाला दूरचं दिसत नव्हतं, तो आवाजाच्या दिशेने लाथ मारायचा. बाबलकाका काष्टा घट्ट खोचून, अनवाणी, मागे उभे. पण खेळ सुरू झाला आणि हसणं हळूहळू थांबलं. देवीने आपल्याला सोन्याचं म्हटलंय, हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं कशी खेळतात ते मी त्या दिवशी बघितलं. आम्ही गोल करत होतो, ते फेडत होते. भरतीचं पाणी कडेला चाटू लागलं तेव्हा बरोबरी होती.

आणि बॉल काकांकडे आला. आपल्या अर्ध्या मैदानात. मी पलीकडच्या गोलात. वारा माझ्या पाठीवर, म्हणजे त्यांच्या तोंडावर; झुळूक नव्हे, माड वाकवणारा. काकांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मारला.

बॉल उंच गेला. वाऱ्याने त्याला धरला. आता मागे फिरणार म्हणून आम्ही हसायला तोंडं उघडली. तो वर थांबला. होय, थांबला! आणि घार मासळीवर पडते तसा तिरका, वाऱ्याला कापत खाली आला. मला वेळ होता. दोन पावलं टाकली असती तर हातात आला असता. पण मी जागचा हललो नाही. माझे हात आपोआप वर गेले, ते बॉल धरायला नव्हेत. देवळाचा कळस दिसला की जातात, तसे. बॉल माझ्या कानाजवळून आत गेला.

म्हणजे ते सगळं खरं होतं. वारासुद्धा!

काका वाळूत बसले होते. मी धावत गेलो. "उठा, काका."

"उठतंय रे. आदी सांग, गेलो मां?"

"गेलो, काका."

"वारो?"

"समोरसून."

"मगे बरा," ते म्हणाले, आणि तेव्हा मला त्यांचा गुडघा दिसला. तो भलतीकडेच वळला होता. वल्ही उपटून त्यांची डोली केली आणि त्यांना घरी नेलं. सामना तिथेच संपला, कारण मैदानात गोलच उरला नव्हता.

हाडवैद्याने पाला बांधला, पण तो गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. लाटेवर नाचणाऱ्या होडीत चढायला गुडघा लागतो. काकांनी होडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि माडाखाली बसून ते जाळी विणू लागले. कुणी हळहळलं तर म्हणायचे, "देवीन येवडा दिल्यान, मी एक गुडघो दिलंय!" ते हे आनंदाने म्हणत. तेच मला सहन होत नसे.

पुढे मी मुंबईला नोकरीला लागलो. दर मे महिन्यात माफीची वाक्यं पाठ करून गावी यायचो आणि तशीच घेऊन परत जायचो. एका वर्षी मात्र धीर केला. काका माडाखाली एकटे होते.

"काका, माका माफ करा. त्या वर्साक माझी मोठी चूक झाली."

त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "माका ठावक आसा."

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो.

"लोक म्हणतत, तू काकासाठी तो गोल मुद्दाम सोडलंस," ते म्हणाले. "सोडलंस?"

"नाय काका! देवाशपथ नाय! पण माझा ऐका, तो कौल..."

"कौल होतो म्हणानच सांगतंय. तो बॉल देवीन घातलेलो. तुझ्या बापाशीकय अडवूचो नाय होतो. त्याची कसली माफी मागतंस, मेल्या? जा, केलंय माफ!" आणि त्यांनी इतक्या प्रेमाने माझ्या पाठीवर थाप मारली की पाठ केलेली सगळी वाक्यं पोटात गेली.

"बरा, काका," मी म्हटलं आणि काकीने केलेला चहा प्यायला आत गेलो.

पुढच्या मे महिन्यात काका नव्हते. मला माफी मिळाली ती न केलेल्या गुन्ह्याची. केलेल्या गुन्ह्याची मागायची अजून माझ्यापाशीच आहे. गोलात असताना मी पुष्कळ बॉल सोडले, पण इतका सोपा, आपणहून हातात आलेला, तो माडाखालचा एकच.