नैवेद्यातली पळी

दुष्काळ सरला त्या वर्षी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर भराभर उतरत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आबांना डोळ्यांचं तेवढं दुःख नव्हतं. त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. "आपला मूळ पुरुष सुबाना कुठल्या मातीतला, ती जागा तेवढी मला दिसू दे. मग अंधार झाला तर होईना," असं ते म्हणायचे. आम्ही आता कोल्हापूरचे; घराण्यात सुबानाचं नाव तेवढं उरलं होतं, गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शाळेत शिकवणारी, लिहायची हौस दांडगी. म्हटलं, मीच घराण्याचा इतिहास लिहिते आणि सायक्लोस्टाइल करून सगळ्या नातलगांना वाटते. लगेच नाकं मुरडली गेली. लग्न झालेली पोरगी आणि माहेरचा इतिहास लिहिणार! लिहिणारच, म्हटलं. तुम्ही इतकी वर्षं काय झोपा काढल्या?

पण शोधायचं कुठं? पन्हाळ्याच्या कचेरीत खेटे घातले, म्हाताऱ्या नातलगांची डोकी खाल्ली, पदरात काही पडलं नाही. धागा म्हणावा असा एकच होता. ज्योतिबाच्या नैवेद्यात पुरणपोळीशेजारी आमच्या घरी कणकेची एक पळी उकडून ठेवतात. लांब दांडा, टोकाला चपटं पान. आजी करायची, आई करायची. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. आबांचे भाऊ तात्याकाका, त्यांनी त्याचा अर्थ लावला, की सुबाना राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आचारी असणार. मला ते इतकं आवडलं की मी त्यावर पानंच्या पानं लिहून काढली. तुपाच्या धारासुद्धा वर्णिल्या! आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झ्याक लिवलंस. पर गाव कुठाय?"

मग देवघरापुढं बसून ज्योतिबाशी चक्क भांडले. तुझ्याच ताटात वाढतोय ना रे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या? मग सांग की कुठली माणसं आम्ही! आबांचे डोळे जायची वाट बघतोयस काय? असलं वेडंवाकडं बोलले आणि ढसाढसा रडले.

आई गेल्यापासून आबांचा नैवेद्य ज्योतिबाच्या डोंगरावर मीच नेत होते. पुढच्या रविवारी जायची मुळीच इच्छा नव्हती, देवावर राग होता ना! पण आबा म्हणाले, "रुसायचं ते रूस, पर नैवेद्य चुकवू नगंस." गेले. देवाला नैवेद्य दाखवून दीपमाळेशेजारी ताट घेऊन बसले, तर एक बाई शेजारी येऊन टेकल्या. पेठ वडगावच्या कापडदुकानदाराची बायको, भारी बोलकी, गुलालानं गुलाबी होऊन गेलेल्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या ताटात गेली आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"अगं बाई! सुबानाचं वल्हं!"

मी कुणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं हो! कशीबशी म्हणाले, "ही पळी आहे."

"पळी कुठली? नाव वल्हवायचं वल्हं हाय की हे! माझं म्हायेर कुरुंदवाडच्या पल्याड, कृष्णेकाठी. तिथं घरोघर करत्यात. सुबाना नावाडी हुता. महापुरात त्यानं एकट्यानं गाव बाहेर काढलं. लगीन झाल्यापास्नं नदरंला पडलं न्हवतं बघा मला. सासरी कोण करू देतंय!" आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी ओरडलेच, "अहो, आमचाच सुबाना तो! आमचा मूळ पुरुष!"

"त्येची पोरं पुरानंतर कोल्हापूरला गेली ती गेलीच, असं आमची आज्जी सांगायची. आलासा व्हय शेवटी!" असं म्हणून त्यांनी मला कवटाळलं. त्यांचा सगळा गुलाल माझ्या पातळाला लागला. आजूबाजूची माणसं बघत होती, बघू देत! निघताना त्या सहज म्हणाल्या, की दरवेळी त्या देवळाच्या दुसऱ्या अंगाला बसतात, आज तिथं जागाच मिळाली नाही. कळसाकडं बघत हात जोडून उभी राहिले.

घरी येऊन सांगितलं तर तात्याकाकांचं तोंड उतरलं. "आचाऱ्याचा नावाडी केलास व्हय?" आबा कडाडले, "मानसं वाचवली त्यानं! राजवाडा काय चाटायचाय?" आम्ही सुबानाच्या गावाला निघालो, तेव्हा आबा इतके हरखले होते की एस.टी.त खिडकीशी बसून शेजारच्या प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या गावाला चाललोय."

त्या वडगावच्या बाईंच्या भावानं आम्हाला घाटावर नेलं. तिथं शेंदूर फासलेला एक दगड आहे, त्यावर वल्हं कोरलंय. आबांना फक्त लाल ठिपका दिसत होता. ते खाली बसले आणि दगडावर बोटं फिरवू लागले. दांड्यावरून सावकाश खाली, पानापर्यंत. मला वाटलं, उशीर केलास की रे देवा. एवढ्यात आबा खदखदून हसले, गालांवरून पाणी वाहत होतं.

"इतकी वर्सं पळी म्हणून वाढलं बघ आपण. तरीबी पोचलं की त्येला!"

मुदपाकखान्याची सगळी पानं मी चुलीत घातली आणि इतिहास पुन्हा लिहिला. पहिल्या पानावर आबांचं ते वाक्य आहे. नातलगांनी प्रती मागून मागून नेल्या, नाकं मुरडणाऱ्यांनी सगळ्यांत आधी. आता मी देवाशी हुज्जत घालत नाही. ताट ठेवते आणि बाजूला होते. माहेरच्या सुना अजून सवयीनं पळीच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. पोचतंय.