चालीशिवाय

छाया गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, ताई गेली. मी विचारलं, कुठे? ... माणूस अशा वेळी किती खुळ्यासारखं बोलतो.

नाशिकरोडच्या शाळेत आम्ही दोघी नव्वदच्या सुमारास एकदमच लागलो. ती मराठीची, मी गणिताची. कविता करायच्या तिनं आणि संमेलनांना सोबत जायचं मी, अशी आमची वाटणी. तिचे वडील, आप्पा, मनमाडला रेल्वेत गँगमन होते, रुळांची निगा राखायचे, आणि वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. छायाचा गळा त्यांचाच. तिनं कविता लिहिली की आप्पा चाल लावणार, ती गाणार, आणि वन्स मोअर ठरलेला. लोक भेटून म्हणायचे, काय गोड गळा आहे हो ताई! कवितेबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. एकदा डबा खाता खाता ती म्हणाली, "चाल काढून घेतली तर खाली काही उरतं का गं? मला खरंच माहीत नाही." मी आपलं काहीतरी गुळमुळीत बोलले.

मग येवल्याचं संमेलन आलं. आप्पांनी मंचावर पेटी उघडून सूर धरला होता. छाया माईकपाशी गेली, मागे वळली आणि म्हणाली, "आप्पा, आज पेटी नको." भर सभेत बापाला असं सांगायचं! आप्पांनी भाता मिटला, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसले. ती नुसती बोलत गेली... "गाडी गेली तरी रूळ जरा वेळ बोलत राहतो." मागून कुणीतरी ओरडलं, चालीत म्हणा की ताई! काहीजण चहाला उठले. पहिल्या कडव्यात तिचा आवाज कापत होता, नंतर नाही. टाळ्या जेमतेम पडल्या. मी मात्र थक्क होऊन बसले होते. हीच कविता मी कितीदा चालीत ऐकली होती, आणि ती तिच्या वारलेल्या आईवर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या एसटीत आप्पा मांडीवर पेटी घेऊन खिडकीबाहेर बघत होते. छायाचा चेहरा एवढासा झालेला. विंचूर आलं, कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गाडी अडकली, तेव्हा ते म्हणाले, "परत म्हण बरं ती." गर्दीत कंडक्टर तिकिटं फाडत होता आणि हिनं अख्खी कविता पुन्हा म्हटली. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले.

त्यानंतर ती मंचावर कधी गायली नाही. बोलावणी कमी झाली, तिची कविता मात्र दरवर्षी आणखी तिची होत गेली. कुठून आणलं असेल हे धाडस? मला अजून उलगडत नाही. आणि आप्पांचं तर काय सांगावं! ते तरीही प्रत्येक ठिकाणी पेटी घेऊन जायचे, तिच्यामागे बसायचे, बंद झाकणावर हात ठेवून. लोक हसायचे. हसू देत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या आठवणीसाठी जमलेली माणसं घरात मावत नव्हती. कुणीतरी सुचवलं, तिची ती रुळांची कविता जुन्या चालीत म्हणू या. आप्पा आता पार वाकलेत. पेटी पुढ्यातच होती, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. "तू म्हण, बाई. ती म्हणायची तशी."

मी गणिताची बाई. जन्मात चारचौघांत कविता म्हटली नव्हती. उभी राहिले, जमेल तशी म्हटली, खाली बसले. आप्पांचा हात बंद पेटीवर तसाच होता.

"परत म्हण बरं," ते म्हणाले.